नकाशात नसलेलं घर

"श्वास रोख. रेघ संपली की सोड."

अप्पांचा आवाज कधी चढला नाही. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशे काढायचं निळसर ट्रेसिंगचं कापड पसरलेलं असायचं, चार कोपऱ्यांवर एक इस्त्री, दोन वाट्या आणि एक कुलूप ठेवलेलं, आणि नऊ वर्षांची त्यांची लेक आक्का खुर्चीवर गुडघे टेकून, शाईचं पेन धरून कुंपणाची रेघ ओढत असायची. श्वास थांबला की हात थरथरत नाही, हात थरथरला नाही की रेघ चालते, हे अप्पांचं गणित. पुढे तिने पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि फळ्यावर नदी काढताना प्रत्येक नदीच्या मुखाशी एक सुस्कारा सोडला. पोरींना वाटायचं, बाईंना समुद्र फार आवडतो.

आता ती शहात्तर वर्षांची होती. रविवारच होता, दुपारचे तीन वाजले होते, आणि धाकट्या भावाच्या बैठकीत टेबलावर एक नकाशा पसरून सगळं घर श्वास रोखून बसलं होतं.

नकाशा आणला होता या भावाच्या, भाऊंच्या, धाकट्या लेकीने. धाकटी नगररचनेच्या दफ्तरातले जुने नकाशे संगणकावर चढवायचं काम करायची, आणि बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पुढच्या रविवारी वस्तीत एक शिळा उभी राहायची होती. शिळेवर अप्पांचं नाव असणार होतं. तेव्हा आजोबांच्याच हातचा, मोठ्या घराचा नकाशा शोधावा, चौकट करून बाबांना द्यावा, एवढंच तिने योजलं. नकाशा सापडला. मोठं घर त्यात नव्हतं.

तसं पाहिलं तर मोठं घर वस्तीतही नव्हतं. नावं तेवढी उरली होती. फाटकाच्या स्टॉपला उतरायचं, कारंजावरून वळायचं, तबेल्यात डाव्या हाताचं तिसरं घर, असे पत्ते सांगत दोन पिढ्या म्हाताऱ्या होत आल्या, आणि फाटक, कारंजं, घोडा यांतलं काहीही त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं नव्हतं. तबेल्यात सध्या ब्यूटी पार्लर होतं. पण जे घर कुणी पाहिलं नाही ते वाढत जातं. परिसर मंडळाचे अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांनी वस्तीचा इतिहास लिहिला होता. पहिल्या आवृत्तीत मोठ्या घराला बावीस खोल्या होत्या, दुसरीत एकतीस झाल्या. लोक हा इतिहास बहुतेक वेळा डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडं ठेवून ऐकत, त्यामुळे हरकत घ्यायची सोय नव्हती. घराच्या मालकीणबाई निघताना उंबरठ्यावर डोकं टेकून रडल्या, असं पुस्तकात होतं. आक्काला आठवत होतं ते वेगळं. बाई सामानाच्या गाडीत पुढे बसल्या होत्या आणि हमालाला सांगत होत्या की आता निदान डोक्यावर गळणार तरी नाही.

आणि पुस्तकाचं शेवटचं पान अप्पांचं होतं. ते पान भाऊंनी डॉक्टरांना सांगितलं होतं, जसं त्यांनी ते पाणीपुरवठ्याच्या नोकरीत मीटर तपासत घरोघर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, ऐकणारा भेटेल तिथे सांगितलं होतं. मोठ्या घरावरून रस्ता न्यायचं ठरलं. सगळं नगररचना खातं गप्प बसलं. एकटे अप्पा, नकाशे काढणारे साधे आरेखक, उठले आणि घर वाचवा म्हणून अर्ज केला. एक नाही, तीन. तिन्ही फेटाळले आणि अप्पांना तळमजल्याखालच्या दफ्तरखान्यात पाठवलं. निवृत्त होईपर्यंत त्यांना वरचा मजला दिसला नाही. या गोष्टीत खोटं असं एक अक्षर नव्हतं. फक्त सुरुवात नव्हती.

सुरुवात टेबलावर होती. विहीर होती, आवाराची भिंत होती, भिंतीलगतचं एकेक झाड गोल करून काढलेलं होतं, आणि बरोबर मधोमध, जिथे घर हवं, तिथे कापड खरवडल्याचा पांढरट डाग होता. ट्रेसिंगच्या कापडावर रबर चालत नाही. शाई ब्लेडने खरवडावी लागते. डागावरून नंतर कुणीतरी लाल शाईने रस्त्याची रेघ ओढलेली होती. जागा रिकामी म्हटल्यावर रस्ता तिथूनच जाणार. खाली उजव्या कोपऱ्यात दोन ओळी होत्या: काढणारा, अप्पांची सही, तपासणारा, पुन्हा अप्पांचीच सही.

"वरचे साहेब रजेवर असतील," भाऊ म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढचं धाकटीने खालमानेने सांगितलं. या कापडावरून प्रती निघाल्या. प्रतींवर आराखडा ठरला, शिक्के बसले. वर्षभराने लोक मोजपट्ट्या घेऊन गेले तर तिथे दुमजली घर उभं. पत्रव्यवहार झाला. मंजूर आराखडा बदलायला तीन वर्षं लागतील आणि घर पाडायला तीन आठवडे, असं वरून उत्तर आलं. मंजूर आराखडा चुकत नसतो, तेव्हा चुकलेलं घर पाडण्यात आलं. अर्जही तिने पाहिले होते. तिन्ही अर्जांत अप्पांनी एकच लिहिलं होतं: नकाशात चूक माझ्या हातून झाली आहे, ती दुरुस्त व्हावी.

"म्हणजे बघा," धाकटी म्हणाली, "ते लढले हे खरंच आहे, बाबा."

"हो," तिचा दादा म्हणाला, "आग लावून बंब बोलावण्यासारखं."

हा थोरला, वकील. तो कोचाच्या हातावर बसला होता, कारण त्याला मध्येच उठून फेऱ्या मारायची सवय होती. त्याने फोनवर आजचा नकाशा काढून जुन्यावर धरला आणि डाग कुठे येतो ते बापाला दाखवलं. अर्धा डाग रस्त्यावर येत होता. उरलेला अर्धा या बैठकीवर आणि स्वयंपाकघरावर.

"मोठं घर जातं," वकील म्हणाला, "आणि त्याच जागेवरचा कोपऱ्याचा प्लॉट नकाशा काढणाऱ्यालाच मिळतो. मी काही म्हणत नाही. पण कुणी म्हटलं तर आपण काय म्हणायचं?"

प्लॉटची गोष्टही भाऊंनीच आयुष्यभर सांगितली होती. कर्मचाऱ्यांसाठी सोडत निघाली, एकशेवीस नावं डब्यात होती, आणि पहिली चिठ्ठी उघडली तर अप्पा! दैव देतं तेव्हा असं देतं, हे ते वाक्य. तेच वाक्य आता वकिलाच्या कामाचं झालं होतं. सहा वर्षांचे होते ते आई गेली तेव्हा. बापाचं बोट आणि बहिणीचा पदर, यापलीकडे त्यांना फारसं काही मिळालं नव्हतं, आणि त्यातलं बोट आज कुणीतरी सोडवून घेत होतं.

भाऊंची बायको चहा ओतत होती. तिने बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात जोडण्या करून दिल्या होत्या आणि अजूनही घरातला कुठलाही निरोप तिच्यावाचून इकडचा तिकडे जात नसे, म्हणून सगळे तिला एक्स्चेंज म्हणत. तोंडावरही म्हणत, तिला आवडायचं. सुरुवातीला ती मुलाच्या बाजूने बोलली. झालं गेलं गंगेला मिळालं, नकाशा गुंडाळून ठेवावा, शिळा बसू द्यावी, आणि तिने त्या दिवशी नेसायची साडी इस्त्रीला दिली आहे हेही ध्यानात घ्यावं. वकिलाने मान डोलावली. कागद किती जणांनी पाहिलाय, एवढाच प्रश्न आहे, तो म्हणाला.

धाकटी म्हणाली की मी पाहिलाय.

"तू घरची."

"मी दफ्तराचीही आहे, दादा. पुढच्या महिन्यात हा नकाशा सगळ्यांना दिसणार. गाव जेवायला बोलवायचं आणि ताटाखाली उंदीर झाकायचा, असं होईल ते."

एक्स्चेंजने किटली खाली ठेवली आणि तिथेच बाजू बदलली. लपवून फजिती होण्यापेक्षा न लपवता होऊ दे, साडी काय, पुढे कधी नेसता येईल. भाऊ म्हणाले की शिळाच नको. वकील म्हणाला की एकदम नको म्हटलं तर लोक कारण विचारतील. धाकटी म्हणाली की शिळेवर खरं लिहू. एक्स्चेंज म्हणाली, शिळेवर खरं कोण लिहितं? अर्ध्या तासात चार माणसांत सहा पक्ष झाले.

एकट्या आक्काने चहाला हात लावला नव्हता.

फोनवर जोडणी झालेली असते, पलीकडे माणूस असतं, बोलत मात्र नाही. ते आहे हे श्वासावरून कळतं. एक्स्चेंजने अशा जोडण्या हजारो ऐकल्या होत्या. तिने नणंदेकडे पाहिलं.

"आक्का, तुम्ही काहीच बोलत नाही."

"मी काय बोलू?"

"तेच विचारतेय."

आक्काने चष्मा लावला आणि नकाशा जवळ ओढला. बराच वेळ तिने डागाकडे पाहिलं आणि मग शाळेतल्या आवाजात सांगायला सुरुवात केली. अप्पा ब्लेड आडवं धरायचे, एकाच दिशेने खरवडायचे, आणि मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायचे, म्हणजे वर पुन्हा शाई भरली तर ती फुटत नाही. हे बघा, इथे गोल गोल खरवडलंय. कापड जवळजवळ फाटलंय. हे अप्पांच्या हातचं काम नव्हे.

भाऊंचा चेहरा उजळला. "मग कुणाच्या?"

"कचेरीत माणसं काय कमी होती?"

हे तिच्या तोंडून निघालं आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. इतकी वर्षं ती फक्त गप्प राहिली होती. खोटं आज पहिल्यांदा बोलली, आणि किती सहज बोलली.

वकील उठला. एक फेरी मारून आला. "आत्या, तू बरोबर सांगतेस असं धरू. कुणीतरी दुसऱ्याने खरवडलं. मग आजोबांनी खाली दोन सह्या केल्या. ज्यांना बोटभर खरवडलेलं ओळखता यायचं, त्यांना हा वीतभर डाग दिसला नाही? दिसला. आणि तरी सही केली. म्हणजे ते सामील होते. माफ कर, पण हे आधीपेक्षा वाईट आहे."

भाऊ उठून खिडकीशी गेले आणि बाहेरच्या रस्त्याकडे पाहत उभे राहिले.

आक्का कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. कप धुतला, पुन्हा धुतला. बापाचं नाव वाचवायला एक वाक्य बोलली आणि त्या वाक्याने बाप चोर झाला.

खरवडलं होतं तिनेच. त्या रविवारी अप्पा दुपारचे झोपले होते. सह्या आदल्या दिवशीच झालेल्या होत्या. उरलं होतं ते फक्त कुंपणांचं काम, आणि ते तिच्याकडे होतं. ब्लेड खणात होतं. मोठं घर जायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. अप्पा उठल्याची चाहूल लागताच तिने कापड गुंडाळलं, दोरा बांधला, आणि मी सगळं पुरं केलं म्हणून सांगितलं. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सोमवारी ते कापड न उलगडता कचेरीत दिलं. लेकीच्या कामावर त्यांनी विश्वास ठेवला; सगळ्या नोकरीत केलेला तेवढाच एक निष्काळजीपणा.

मग ते कधीतरी कळलं त्यांना. कधी, ते तिला माहीत नाही. एका संध्याकाळी ते घरी आले, पायातले बूट न काढता खणाशी गेले, ब्लेड काढून कपाटाच्या डोक्यावर ठेवलं, आणि हात धुवून जेवायला बसले. पुढच्या रविवारी कापड पसरलं, इस्त्री ठेवली, वाट्या ठेवल्या, आणि पेन पुन्हा तिच्याच हातात दिलं. त्यांनी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. तिने सांगितलं नाही म्हणून त्यांनी विचारलं नाही. असं करत ते दफ्तरखान्यात म्हातारे झाले आणि ती शाळेत. भाऊ मोठा झाला, त्याने अर्जांबद्दल कुणाकडून तरी ऐकलं, आणि त्याला शूर बाप मिळाला. तो त्याच्याकडून कुणी काढून घ्यावा? आणि आई गेल्यावर जिने वाढवलं, शाळेत पोचवलं, तापात उशाशी बसली, ती बहीणही खरं सांगताच जाणार होती. भाऊ तिला विचारल्याशिवाय चष्म्याचा नंबरही बदलत नसे.

आता दोघांपैकी एकच राहणार होतं त्याच्याजवळ. बाप नाहीतर बहीण. आणि बाप स्वतःसाठी बोलायला नव्हता.

दारावरची घंटा वाजली.

डॉक्टर पाचला येणार म्हणाले होते, पावणेपाचलाच आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत मजकुराचा कागद होता, कारण उद्या सकाळी कारागीर अक्षरं कोरायला घेणार होता. त्यांनी सगळ्यांच्या दातांकडे पाहून स्मित केलं आणि बसल्या बसल्या वाचायला लागले. या परिसराचं वैभव असलेलं मोठं घर वाचवण्यासाठी ज्यांनी आपली नोकरी पणाला लावली. पुढे अप्पांचं पूर्ण नाव. खाली, अनावरण त्यांच्या ज्येष्ठ कन्येच्या हस्ते. वैभव शब्द त्यांनी दोनदा वाचला. तिसऱ्या आवृत्तीत अप्पांचा फोटोही घेतलाय, म्हणाले. खोल्यांचा आकडा मात्र अजून नक्की होत नाहीये.

"डॉक्टर," भाऊ खिडकीशी उभ्या उभ्याच म्हणाले, "ते नाव काढा."

डॉक्टरांना ऐकू आलं, कळलं नाही. नाव लहान करायचं आहे का, आडनाव नको का, असं त्यांनी विचारलं. कोरणाऱ्याला अक्षरं कमी असली तर सोपंच पडतं. वकील पुढे आला आणि वडिलांना आत्ताच काही कौटुंबिक कागदपत्रं मिळाली आहेत असं काहीतरी मोघम बोलला. तो घरापुरतं बोलायचा ते फटकळ आणि बाहेरच्यांशी बोलायचा ते मोघम. मजकुरात एक ज्ञात-अज्ञात कर्मचारी असं घालता येईल, असं त्याने सुचवलं. ज्ञात की अज्ञात, ते डॉक्टरांनी विचारलं. दोन्ही, वकील म्हणाला. धाकटीने कपाळाला हात लावला.

"पत्रिका वाटून झाल्यात हो," डॉक्टर कासावीस होऊन म्हणाले. "दीडशे माणसं येणारेत. लोकांना मी काय सांगू?"

"सांगा की मुलालाच माहीत नव्हतं." भाऊ वळले. त्यांचा आवाज अप्पांसारखाच होता. कधी चढत नसे. "सत्तरीला आलो. ज्याला त्याला सांगत फिरलो. पाण्याचा मीटर बघायला जायचो तरी सांगायचो. तुम्हाला मीच सांगितलं. ते सगळं चुकलं. माझ्या वडिलांनी त्या घराचं–"

"भाऊ, थांब."

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले होते. एक्स्चेंजने पदर सावरला. जोडणी लागली की मध्ये बोलायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

"तू उभा का आहेस? बस," आक्का म्हणाली. "डॉक्टर, तुम्हीही ऐका. तुम्ही लिहिता, तर ऐकलेलं बरं." मग ती भावाकडेच बघत राहिली.

"मघाशी मी कचेरीतल्या माणसांचं म्हणाले ते खोटं. तो डाग माझ्या हातचा आहे. अप्पांची सही आधीची, खरवडणं नंतरचं. ते झोपले होते. मी नऊ वर्षांची होते आणि तू पाळण्यात होतास."

वकिलाने तोंड उघडलं. धाकटीने त्याचा दंड धरला.

"त्यांनी ते माझ्यावर कधी येऊ दिलं नाही. तिन्ही अर्जांत माझ्या हातून म्हणून लिहिलं, ते माझंच झाकायला. आणि मी तुला त्यांची शूरपणाची गोष्ट सांगू दिली, कारण तिच्यात मी नव्हते."

भाऊ बसले. मग अगदी लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पण का गं, आक्का? त्या घराने तुझं काय केलं होतं?"

"काही नाही. फार सुंदर काढलं होतं अप्पांनी. एकेक पायरी, एकेक खांब. मी विचारलं, आपली खोली कुठाय यात. तर ते म्हणाले, आपली चाळ आहे ना, ती या तिरप्या रेघांमध्ये आली, या मापाला वेगळी दाखवता येत नाही." तिने ओले हात पदराला पुसले. "म्हणून म्हटलं, थोडी जागा करू. मला तिथे आपलं घर काढायचं होतं, भाऊ. तेवढ्यात अप्पा उठले."